तिसऱ्या साच्याची कड

मालकीणबाईंच्या कारखान्यात एकच कायदा होता. जिभेवर ठेवल्याशिवाय काही गिळायचं नाही.

कारखाना म्हणजे तरी काय, घराच्या मागच्या अंगाला काढलेल्या दोन लांबोडक्या खोल्या. एकीत भट्टी आणि तांब्याची कढई. दुसरीत दगडी फळी, गोळ्या दाबायचं हातयंत्र आणि साखरेची इतकी बारीक धूळ की भिंतीला टेकलं तर पाठ चिकटायची. इथं रंगीत कडक गोळ्या व्हायच्या, खोकल्याच्या व्हायच्या आणि पेपरमिंट. मालकीणबाईंचं लिहिणं सहीपुरतं आणि वाचणं दुकानाच्या पाटीपुरतं. पण कढईकडे पाठ करून, नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून त्या पाक कुठवर आलाय ते सांगायच्या. या गोष्टीचा त्यांना तोरा होता, आणि तोरा लपवून ठेवायचा असतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

सून लग्न होऊन आली तेव्हा त्यांनी तिच्या हातावर पेपरमिंटच्या चार गोळ्या ठेवल्या. "सांग बघू, कशा झाल्यात."

नवी नवरी. लाजून "छान" म्हणेल असं सगळ्यांना वाटलं. तिनं एकेक गोळी जिभेवर फिरवली आणि म्हणाली, "तीन ठीक आहेत. ही एक कडेला खरखरते. हिच्या साच्याला दात आलाय का?"

यंत्रावरचा कारागीर उघड्या तोंडानं बघत राहिला. तिसऱ्या साच्याला खरंच एक बारीकसा दात होता. तो डोळ्यांना दिसत नव्हता, नखालासुद्धा जेमतेम लागायचा. मालकीणबाई एवढ्या जोरात हसल्या की साखरेची धूळ उडाली. "अगं ही जीभ आहे का काटा! आजपासून तू जिभली." तेव्हापासून घरात, कारखान्यात, तिच्या नवऱ्याच्या तोंडीसुद्धा ती जिभली झाली. तिसरा साचा कानशीनं घासायचं काम तिच्याकडे आलं. ती घासायची, चार दिवस बरे जायचे, पुन्हा दात वर यायचा. "लोखंडालाच खोड आहे, आई," ती म्हणायची. "असू दे," मालकीणबाई म्हणायच्या, "घरात एकाला तरी असावी."

अशी हसतीखेळती पोर एका वर्षी बसल्या जागी विझत गेली. कुणी काही बोललं नव्हतं, काही घडलं नव्हतं. भट्टीसमोर बसायची ती बसूनच राहायची. अंघोळीला जा म्हटलं की अंघोळ म्हणजे डोंगर चढायचा असल्यासारखी बघायची. नवऱ्यानं, म्हणजे मालकीणबाईंच्या लेकानं, तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मनाच्या आजाराची गोळी दिली, रोज सकाळी एक. महिना-दीड महिना काही दिसेना. मग एके दिवशी दुसऱ्या खोलीतून तिचा आवाज आला, "अहो आई, पाक पुढे चाललाय, उतरवा की!" आणि मालकीणबाई कढई तशीच सोडून पदरानं डोळे पुसायला बाहेर गेल्या. धूर गेला डोळ्यांत, असं सगळ्यांना सांगितलं.

गोळी चालू राहिली. मग दिवस राहिले.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गोळी बंद करायची नाही. बाळंतपणाच्या डॉक्टरनंही मान हलवली. जिभली घरी येऊन सासूला म्हणाली, "त्या म्हणाल्या, विचार करूनच चालू ठेवतोय. सोडण्यात धोका जास्त आहे."

"हं," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांच्या "हं"मध्ये काय काय असायचं ते घरातल्यांना ठाऊक होतं.

त्यांचा हिशेब साधा होता, कढईतून आलेला. उकळत्या पाकात रंगाचा एक थेंब टाका, सगळी कढई लाल होते. अर्धी लाल आणि अर्धी पांढरी अशी कढई कुणी पाहिली आहे का? मग आईच्या पोटात गेलेलं औषध बाळाला वगळून जाईलच कसं? आणि त्या पोराला विचारलं कुणी?

एवढ्यावरही त्या गप्प राहिल्या असत्या. पण धाकटी जाऊ आली. ही जाऊ म्हणजे तोंडात साखर आणि शेपटीत काटा. चहा पिता पिता म्हणाली, "काय जाऊबाई, गोळ्यांच्या कारखान्यात नातूपण गोळ्यांवरच वाढतोय म्हणे? जन्माला येईल तो कागदात गुंडाळूनच येईल की काय!"

"येईना का कागदात," मालकीणबाई म्हणाल्या. "तुझी पोरं नुसत्या दुधावर वाढली, आणि अजून पाळण्यातनं बाहेर आलेली नाहीत."

जावेला बोलून गप्प केलं, पण काटा आत राहिला. दुपारी जिभली आडवी झाली होती. मालकीणबाईंनी कपाटातली औषधाची डबी उघडून हातावर उपडी केली. औषधवाला गोळ्या सुट्ट्याच डबीत भरून द्यायचा. गोल, पांढऱ्या, इवल्याशा. अगदी आपल्या बारीक पेपरमिंटएवढ्या. मालकीणबाई त्या गोळ्यांकडे बघत राहिल्या, आणि पुढचं सगळं त्यांच्या हातांनीच ठरवलं.

पिठीसाखर, डिंकाचं पाणी, आणि पुदिना अजिबात नाही. खरी गोळी त्यांनी जिभेवर ठेवून पाहिली, कडू लागली. तर खोकल्याच्या गोळ्यांत पडते ती कडू संत्र्याच्या सालीची पूड चिमूटभर घातली. चव घेतली, थोडी आणखी घातली. कारागीर जेवायला गेलेला असताना यंत्राचा दांडा त्यांनी स्वतः ओढला. काम इतकं बेमालूम झालं की पाप करतोय का पुण्य, हे बाजूला राहून त्यांना आधी हातचलाखीचाच आनंद झाला. खऱ्या गोळ्या त्यांनी चुलीत टाकल्या. पुढची डबी आली की पुन्हा तेच.

पहिल्या सकाळी जिभलीनं गोळी घेतली तेव्हा त्या समोरच होत्या. तिनं गोळी तोंडात ठेवली, आणि घोट घ्यायला नेलेला पाण्याचा पेला क्षणभर ओठांपाशी थांबला. मग ती पाणी प्यायली. सासूकडे बघून जराशी हसलीसुद्धा. मालकीणबाईंना वाटलं, झालं. सुटलं पोर.

काही दिवसांतच जिभलीला चक्कर येऊ लागली. मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं म्हणायची. "पहिलटकरणीला असं होतंच," मालकीणबाई म्हणाल्या. मग ती एवढ्यातेवढ्यावरून रडायला लागली. "पोटुशी बाई हळवी होतेच." मग रडणं बंद झालं, आणि ते जास्त वाईट होतं. जेवण ताटात चिवडायची. झोपायची नाही. पोट पुढे यायच्या दिवसांत तिची मनगटं बारीक होत चालली. मालकीणबाईंनी तिच्या आवडीचं सगळं रांधलं, देवाला साकडं घातलं, तिच्यावर ओरडून पाहिलं, कुशीत घेऊन पाहिलं. कशानंच पाझर फुटेना. पहिल्या वेळी पोर विझली होती. या वेळी तिच्या आत काहीतरी जळत होतं आणि धूरसुद्धा बाहेर येत नव्हता.

"आई, गोळ्या चालू आहेत ना हिच्या?" लेक विचारायचा. मालाची गाडी तोच चालवायचा, घरी यायचा तो अर्धमेला होऊन.

"रोज घेते, माझ्यासमोर."

"मग लागू का पडत नाहीत?"

मालकीणबाई फळी पुसायला लागायच्या. पुसलेलीच फळी पुन्हा पुसायच्या. कबूल करायचं मनात आलं नाही असं नाही. ओठापर्यंत यायचं. पण मग त्यांना वाटायचं, आता इतके दिवस निघाले, थोडेच राहिलेत. बाळ एकदा सुखरूप बाहेर येऊ दे, मग हिला हव्या तेवढ्या गोळ्या देऊ. ही उमेद धरून त्या रोज सकाळी तोंडावर पाणी मारून उठत.

त्या दिवशी कढईवर जिभली होती. कारागीर दुसऱ्या खोलीत पाकिटं भरत होता. मालकीणबाई अंगणात साखरेचं पोतं सोडत होत्या, आणि त्यांना आवाज बदललेला ऐकू आला. बुडबुडे जाड झाले होते. पुढे गेलाय. अजून पुढे. मग करपल्याचा वास. जिभलीच्या हातून पाक करपतो? त्या धावत आत आल्या. जिभली कढईवर वाकून उभी होती. वाफ तोंडावर येत होती आणि ती मागे सरत नव्हती. मालकीणबाईंनी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

"अगं ए! तोंड भाजून घेतेस का? पाक करपला, कळलं नाही तुला?"

"कळलं की," जिभली म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "पण उतरवायचा कशासाठी, ते आठवेना."

मालकीणबाईंनी कढई ओढून खाली घेतली. हात पोळला, पण तिकडे लक्ष कुणाचं होतं!

"आई," जिभली म्हणाली, "बाळ झालं की मी ते तुमच्या हातात देईन. तुम्ही चांगलं वाढवाल. माझ्यापेक्षा चांगलं. मग मी मोकळी."

"मोकळी म्हणजे?"

ती करपलेल्या पाकाकडे बघत राहिली.  मालकीणबाईंनी भिंत धरली. पोर दिवस ढकलत होती, आणि ते कुठल्या दिवसापर्यंत ते तिनं ठरवूनही टाकलं होतं.

लेकाला फोन गेला, गाडी अर्ध्या रस्त्यातून परत आली. त्याच दिवशी तिघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत बसले. लहानशी खोली, तीन खुर्च्या, खिडकीत एक सुकलेलं रोपटं. डॉक्टरीणबाईंनी जिभलीला बरंच काही विचारलं. ती एकेका शब्दात उत्तर देत होती. बोलायचेही कष्ट होत होते तिला.

शेवटी डॉक्टरीणबाई लेकाकडे वळल्या. "एवढे महिने नियमित गोळी घेऊनसुद्धा उतरत चालली आहे. म्हणजे ही गोळी आता हिला पुरत नाही. मला डोस बराच वाढवावा लागेल, नाहीतर दुसरं औषध जोडावं लागेल. पोटात बाळ असताना मी सहसा हे करत नाही. पण आता थांबता येणार नाही."

लेकानं मान डोलावली. त्याला काही कळत नव्हतं, कुणीतरी काहीतरी करावं एवढंच हवं होतं.

 ज्या औषधाला भिऊन मालकीणबाईंनी हा खेळ मांडला, तेच आता दुप्पट होऊन त्या बाळाच्या अंगावर येत होतं, आणि तेही त्यांच्याच लबाडीच्या भरवशावर. गप्प राहिलं तरी मरण, आणि बोललं तर या दोघांच्या डोळ्यांत पुन्हा कधी बघायचं?

"गोळी पुरत नाही असं नका म्हणू," त्या म्हणाल्या. आवाज स्वतःचा वाटेना. "गोळी तिच्या पोटात गेलेलीच नाही."

लेकाची मान आईकडे वळली.

"मी बदलत होते. साखरेच्या गोळ्या. आमच्या यंत्रावर केलेल्या." आणि मग त्यांचा जुना ताठा कुठूनसा वर आला, बुडणाऱ्यानं हात वर करावा तसा. "कडूपण घातलं होतं त्यात. कुणाला ओळखू आलं नसतं."

"आई!" लेक खुर्चीतून उठला. खुर्ची मागे पडली. "आई, तू... अगं, ती मरतेय! आणि तू रोज समोर बसून बघत होतीस?"

"बाळासाठी केलं रे..."

"बाळासाठी! आणि ही कोण? बाळाचा डबा?"



तेवढ्यात जिभली बोलली. खाली बघूनच बोलली. "मला माहीत होतं."

लेक तिच्याकडे बघत राहिला.

"पहिल्याच दिवशी कळलं. त्या गोळीची कड खरखरीत होती, पुढेही काही काहींची. तिसऱ्या साच्याची. मीच घासते ना तो." ती थांबली, दम घेतला. "चव बरोबर जमली होती, आई. पण कड राहिली."

"मग बोलली का नाहीस गं?" मालकीणबाई ओरडल्याच. "माझ्या तोंडावर का नाही फेकलीस ती डबी?"

"कारण मलाही तेच हवं होतं." तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण आवाजात रडणं नव्हतं. "रोज सकाळी गोळी घेताना वाटायचं, मी बाळाला विष देतेय. कुणी कितीही सांगितलं तरी वाटायचंच. बंद करायची हिंमत नव्हती माझ्यात. जिभेला कड लागली आणि वाटलं, आईंनी ठरवलंय. चांगली आई असती तर तिनं हेच केलं असतं. मला नुसतं गप्प राहायचं होतं. आणि मग... मग बोलायला काही उरलंच नाही माझ्यात."

डॉक्टरीणबाईंनी पडलेली खुर्ची उचलली आणि लेकाला खांद्याला धरून बसवलं. त्या चिडल्या असत्या, दोन शब्द लागट बोलल्या असत्या, तर मालकीणबाईंना बरं वाटलं असतं. त्या चिडल्या नाहीत.

"एक सांगा मला," मालकीणबाई म्हणाल्या. "मी अडाणी बाई आहे. सरळ सांगा. पोचतं का नाही ते बाळाला?"

"पोचतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "थोडं पोचतं. खोटं कशाला सांगू? पण हिचा उपासही पोचतो. जागरणही पोचतं. ही आत्ता ज्यातून चालली आहे ते सगळं पोचतं. दोन्हीकडे बघूनच आम्ही ठरवलं होतं. ही गोळी घेणाऱ्या पुष्कळ बायकांची बाळं धडधाकट झालेली आहेत. काही बाळं जन्मल्यावर थोडे दिवस चिडचिड करतात, थरथरतात, कधी श्वासाकडे लक्ष ठेवावं लागतं. आम्ही ठेवतो. बहुतेक वेळा ते आपोआप निवळतं."

"म्हणजे आता धड होईल ना सगळं? पुन्हा सुरू केली की?"

"शब्द देता येत नाही, आजी. आज गोळी दिली की उद्या बरी, असं हे औषध नाही. आठवडे जातात. इतके दिवस बंद होती, म्हणून पुन्हा कमीपासून सुरू करावी लागेल. तोवर हिला एक क्षणही एकटं सोडायचं नाही. घरात टोकदार, धारदार काही हाताशी ठेवायचं नाही. मला दर आठवड्याला भेटायचं. आणि मधेच कधीही ती तसं काही बोलली, किंवा तुम्हाला नुसती शंका जरी आली, तरी वाट न बघता सरळ दवाखान्यात आणायचं." मग त्या जिभलीकडे वळल्या. "आणि तू. गोळी घेणारी आई वाईट असते हे तुला कुणी सांगितलं?"

 मालकीणबाईंनी मान खाली घातली. जावेनं आपल्याला एकदाच टोचलं होतं. आपण तो काटा पोरीत रोज थोडा थोडा आत ढकलत होतो, न बोलता, नुसत्या "हं"नं.

लगेच शेजारच्या खोलीत बाळंतपणाच्या डॉक्टरनं बाळाचे ठोके ऐकवले. घोडा दौडावा तसा आवाज. बाळ चांगलं होतं, पण वजनाला मागे होतं. मालकीणबाईंना रडता येईना. रडायचा हक्कच आपण गमावला असं त्यांना वाटलं.

आता डबी लेकाच्या खिशात असते. सकाळी तो जिभलीच्या हातावर एक गोळी ठेवतो. आईशी तो कामापुरतंच बोलतो, "साखर आली," "माल गेला." मालकीणबाई पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहतात. जा असं कुणी म्हणत नाही, बस असंही नाही. जिभली गोळी तोंडात घेते, आणि तिची जीभ गोळीच्या कडेवरून फिरताना गालाला हलकासा फुगवटा येतो. एकदा पूर्ण फिरते. मग ती हात पुढे करते, आणि मालकीणबाई पेला देतात. रोज. या घरात आलेल्या पहिल्या दिवशी तिनं जसं पारखलं तसंच, फक्त आता ती चवीसाठी पारखत नाही.

दिवस जातात आणि काहीच बदलत नाही. मालकीणबाई तिच्याजवळच झोपतात, तिच्या श्वासावर कान लावून. भट्टी कारागिराच्या हवाली केली आहे. पाक मधूनमधून करपतो, करपू दे. धाकटी जाऊ आली तेव्हा मालकीणबाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. "आज नको," एवढंच म्हणाल्या. जाऊ वाट बघत होती, पुढे काहीतरी झोंबरं येईल म्हणून. आलं नाही. तेव्हा ती घाबरून परत गेली.

एका सकाळी गोळी घेऊन झाल्यावर जिभली भिंतीकडे बघत म्हणाली, "तिसरा साचा अजून तसाच आहे का?"

 हा टोमणा आहे का जीव परत येतोय, मालकीणबाईंना उमगेना. "तसाच आहे," त्या म्हणाल्या.

"घासायला हवा."

त्या कारखान्यात गेल्या, यंत्रातून तिसरा साचा काढला, खणातून कानस काढली. परत आल्या आणि दारातच थबकल्या. लोखंडी कानस, टोकाला निमुळती. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते आठवलं. पोरीचा हात पुढे आलेला होता. तो हात रिकामा ठेवायचं जिवावर येत होतं, आणि भरायची छाती होत नव्हती.

त्या तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. साचा आणि कानस स्वतःच्या मांडीवर घेतली.

"मी घासते," त्या म्हणाल्या. "मला कधी जमलं नाही हे. तू सांग."

पुढे आलेला हात बराच वेळ तसाच राहिला. मग खाली गेला, पोटावर. मालकीणबाईंनी कानस लावली आणि एकदा ओढली. पोळलेला तळवा अजून दुखत होता. त्यांनी कडेवरून बोट फिरवलं.

"झालं?"

जिभलीनं त्यांच्या हातातून साचा घेतला आणि डोळे मिटून, हलकेच, जीभ लावून पाहिली.

"नाही," ती म्हणाली. "अजून."

मालकीणबाई घासत राहिल्या.